लाल दिव्याच्या आधी

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय एकाच शब्दात कळवला : दाब. सासरचा दाब, परीक्षेचा दाब आणि रक्तदाब हे तिन्ही लेख वाटून झालेत, हेही त्यांनी सांगून टाकलं. मी म्हटलं, मी तेलाच्या दाबावर लिहिते. पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, "लाकडी घाण्याच्या?"

"इंजिनच्या."

"त्यात आठ पानं निघतील?"

निघतील असं मी ठोकून दिलं, कारण विषय माझ्या दारातच उभा होता. आमची १९७८ची प्रीमियर पद्मिनी. घरात तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, सगळे फियाटच म्हणतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मूळची इटालियन फियाट ११०० कुर्ल्यात बांधली, पुढे तिचं नाव बदललं, पण लोकांची जीभ बदलली नाही. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, तेव्हा पेपरांनी मृत्युलेख लिहिले. आमची त्या दिवशी दळण आणायला गेली होती. सरकारच्या २०२१च्या नियमाप्रमाणे गाडी व्हिंटेज व्हायला पन्नास वर्षं पुरी व्हावी लागतात. म्हणजे आमची अजून नुसती जुनी आहे.

या गाडीच्या डॅशबोर्डवर तेलाची खबर द्यायला एक लाल दिवा आहे. किल्ली फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. तेलाविषयी गाडी तुमच्याशी एवढंच बोलते. परदेशातले मेकॅनिक अशा दिव्याला चक्क 'मूर्खांचा दिवा' म्हणतात. मला दिव्याच्या जोडीला काटा हवा होता. तोही विजेवर चालणारा नाही, तर खरोखरीचं तेल ज्याच्यापर्यंत पोचतं असा, जुन्या पद्धतीचा मेकॅनिकल गेज.

आजऱ्याच्या अलीकडे

हा हट्ट कुठून आला ते सांगते. मी सातवीत होते. सावंतवाडीला मावशीकडे लग्न होतं, ते उरकून आम्ही आंबोलीमार्गे परत येत होतो. घाट चढताना एका डाव्या वळणावर लाल दिवा डोळा मिचकावल्यासारखा लागला आणि विझला. पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा तेच. मी दाखवलं. बाबा म्हणाले, "वायर ढिली असेल." त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. आदल्या वर्षी याच दिव्याचं बटण बिघडलं होतं, दिवा दोन दिवस उगाच जळत होता आणि गाडी ठणठणीत होती. एकदा खोटं बोललेल्या दिव्यावर विश्वास कोण ठेवणार?

इंजिनखालच्या चेंबरमधलं तेल कमी झालं होतं. वळणावर ते एका बाजूला कलायचं, पंपाची चाळणी उघडी पडायची आणि पंप तेलाऐवजी हवा ओढायचा. आजऱ्याच्या अलीकडे बॉनेटखालून ठक्‌ ठक्‌ सुरू झालं, आधी हलकं, मग दारावर कोणी थाप मारावी तसं. कोल्हापूरला आम्ही ट्रकच्या मागे दोर बांधून आलो. क्रँक ग्राइंड करून दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) उतरवला, त्या मापाची नवी बेअरिंगं पडली. त्या दिवाळीत घरात फटाके आले नाहीत. का, ते आम्ही भावंडांनी विचारलं नाही.

दिव्याचं इंजिनवरचं बटण उघडून पाहिलं की त्याचा स्वभाव कळतो. आत एक पातळ पडदा आणि स्प्रिंग. तेलाने पडद्याला ढकललं की संपर्क तुटतो, दिवा विझतो. यासाठी साधारण पाच-सात पौंड दाब पुरतो. आता गाडी हमरस्त्यावर तापून धावते आहे, काट्यावर चाळीस पौंड असायला हवेत आणि कशाने तरी त्याचे वीस झाले. दिवा गप्प. वीसचे दहा झाले, तरी गप्प. पाच झाले की मग बोंब ठोकतो. त्या वेळी तीन हजार फेऱ्यांनी फिरणाऱ्या क्रँकला जी काही सेकंदं कोरडं फिरावं लागतं, त्यात काम तमाम होतं.

चौथ्या मजल्याचा नळ

"पंप दाब तयार करत न्हाई," मेस्त्री म्हणाले. "पंप नुस्तं तेल ढकलतो." हे मेस्त्री कोल्हापूरच्या उद्यमनगरच्या मागच्या अंगाला जुन्या गाड्यांचं काम करतात. फियाटचं इंजिन त्यांनी इतक्या वेळा उतरवलंय, की बोलताना हात हवेतच नटबोल्ट फिरवत असतात.

वाक्य साधं आहे, पण मला ते पचायला वेळ लागला. शेवटी नळाने समजावलं. सकाळी पाण्याच्या वेळेला खालच्या तीन मजल्यांनी नळ सोडले की चौथ्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते. टाकी तीच, पाइप तोच. पाण्याला वाटा जास्त झाल्या, म्हणून दाब पडला. इंजिनात पंपाची दोन दातेरी चाकं चेंबरमधून तेल उचलतात आणि ब्लॉकमधल्या वाटांनी क्रँककडे, कॅमकडे, वरच्या रॉकरकडे पाठवतात. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये फट असते केसापेक्षाही कमी जाडीची. त्या फटीतून तेलाला सहज निसटता येत नाही, म्हणून मागे दाब साठतो. बेअरिंग झिजलं, फट वाढली, की खालच्या मजल्याचा नळ उघडला. तापलं की तेल पातळ होतं, मग आणखी एक नळ उघडला. गेज लावायचा तो ही झीज बघायला.

दाब फार वाढू नये म्हणून एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. स्प्रिंगने दाबून धरलेला, ठरल्या दाबाला उघडून जास्तीचं तेल परत चेंबरमध्ये सोडणारा. इथे जुन्या गाड्यांच्या बाजारातली एक लबाडी राहते. स्प्रिंगखाली एक वायसर टाकायचा. थंड इंजिनला काटा झकास वर जातो, गिऱ्हाईक खूश. पण व्हॉल्व्हने फक्त छत उंच झालं, जमीन खचलेली ती खचलेलीच. तापलेल्या इंजिनला आयडलवर काटा पुन्हा लोळण घेतो. दुसरी लबाडी म्हणजे जाड तेल ओतणं. तिसरी सगळ्यांत स्वस्त : लाल दिव्याचा बल्बच काढून ठेवणं. जुनी गाडी बघायला गेलात तर स्टार्टर मारण्याआधी नुसती किल्ली फिरवून बघा. दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर चहाला थांबू नका.

टॉवरसाहेबांची गुडदी

या फटीत नेमकं काय चालतं, ते एकोणिसाव्या शतकापर्यंत कोणाला नीट ठाऊक नव्हतं. तेल घातलं की घर्षण कमी होतं, एवढं बैलगाडीला वंगण लावणाऱ्यालाही माहीत होतं. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. त्यांचा अहवाल १८८३मधला. तेल घालायला त्यांनी बेअरिंगच्या डोक्यावर एक भोक पाडलं होतं. यंत्र सुरू केल्यावर त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर यायला लागलं. त्यांनी बूच ठोकलं, ते उडालं. लाकडाची गुडदी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली.

दुसरा एखादा वैतागून जाडी खुंटी शोधायला गेला असता. टॉवरनी त्या भोकाला दाबाचा गेज लावला. वरच्या वजनाच्या हिशेबाने सरासरी दाब चौरस इंचाला शंभर पौंड असायला हवा होता. दोनशेपर्यंतच्या गेजचा काटा तबकडी संपवून पलीकडे गेला. फिरणारा आस स्वतःच तेलाला पाचरीसारखं फटीत ओढतो आणि त्या तेलावर तरंगतो, धातू धातूला टेकतच नाही. तीन वर्षांनी ऑस्बर्न रेनॉल्ड्सनी त्याचं गणित मांडलं आणि आजही बेअरिंगचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

म्हणजे क्रँकला उचलून धरणारा दाब माझ्या गेजवर कधीच दिसणार नाही, तो फिरण्यातूनच जन्मतो. गेज दाखवतो पुरवठ्याचा दाब, पाचरीला तेल पोचतंय की नाही एवढं. मेस्त्रींना टॉवरची गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "गुडदी उडाल्यावर गेज लावला, हितंच शाना मानूस कळतो."

एक सूत म्हणजे किती

गेज मी ट्रॅक्टरच्या स्पेअरच्या दुकानातून घेतला. ट्रॅक्टरवाल्यांना तेलाच्या काट्याचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. तबकडी शून्य ते सात किलोची, म्हणजे चौरस सेंटीमीटरला किलो. असा एक किलो म्हणजे चौरस इंचाला चौदा पौंडांहून थोडा जास्त. बसवण्याआधी मेस्त्रींनी तो टायरच्या हवेच्या नळीला जोडला. हवेच्या मीटरवर तीस पौंड, गेजवर दोनच्या जरासा पुढे. "खरं बोलतंय," ते म्हणाले.

शेजारी एक फुटका गेज पडला होता, तो त्यांनी मला उघडून दाखवला. आत चंद्रकोरीसारखी वाकवलेली चपटी पितळी नळी, एक टोक बंद. आत दाब गेला की चपटी नळी गोल व्हायला बघते आणि तसं होताना किंचित सरळ होते. जत्रेत फुंकली की उलगडणारी कागदी पिपाणी मिळते, अगदी तीच करामत. बंद टोकाची ती केसभर हालचाल दातेरी पट्टीने मोठी करून काट्याला दिली, झाला गेज. पॅरिसच्या युजीन बूर्दाँनी १८४९मध्ये याचं पेटंट घेतलं, वाफेच्या बॉयलरसाठी. आपल्या प्रेशर गेजांतले बहुतेक अजून त्याच नळीवर चालतात. तिला ना बॅटरी लागते, ना वायर.

खरी मारामारी आट्यांची. लाल दिवा काढून टाकायचा नव्हता, त्यालाही आपलं काम आहे. मग एकाच भोकातून दोघांना तेल द्यायचं तर मध्ये एक 'टी' हवी. ब्लॉकचा आटा एक, गेजच्या नळीचा दुसरा. नळीचा आटा 'एक सुती', म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी व्हर्नियर लावला तर बाहेरून जवळजवळ दहा मिलिमीटर भरला! इंचाचा आठवा भाग तीन मिलिमीटरच्या आसपास होतो. लेथवाले काका हसले. सूत हे पाइपच्या आतल्या भोकाचं जुनं नाव, बाहेरच्या आट्याशी त्याचा संबंध शोधू नये.

त्यातही दोन एक सुती. ब्रिटिश आट्यात इंचाला अठ्ठावीस फेरे आणि दातांचा कोन ५५ अंश, जोसेफ व्हिटवर्थनी १८४१मध्ये ठरवून दिलेला. अमेरिकन आट्यात सत्तावीस फेरे आणि ६० अंश. दोन्ही दिसायला जुळी भावंडं. एकात दुसरा घातला की दोन-तीन फेरे गुण्यागोविंदाने जातो, मग अडतो. तिथे जोर लावणाऱ्याने ब्लॉकचा आटा मारलाच म्हणून समजा. काकांनी आटे मोजायच्या पात्यांचा जुडगा काढला, एकेक पातं दातांवर टेकवून उजेडाकडे धरलं. अठ्ठाविसाच्या पात्याखालून उजेड आला नाही. "हाच."

उद्यमनगरचं हे बरं आहे. जी वस्तू दुकानात मिळत नाही, ती गल्लीत होते. ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांवर वाढलेली ही वस्ती. षटकोनी पितळी बारचा तुकडा चकमध्ये बसला, हत्याराच्या टोकावरून सोनेरी कीस गळायला लागला, अर्ध्या तासात माझी टी गरम गरम हातात. मध्येच त्यांनी लेथ थांबवून विचारलं, "गेजकडच्या वाटेला भोक किती ठेवू?" मला वाटलं मोठं असलेलं बरं. ते म्हणाले, एक मिलिमीटर. काट्याला तेल वाहून न्यायचं नसतं, नुसता दाब पोचवायचा असतो. भोक बारीक असलं की काटा थरथरत नाही. आणि उद्या नळी तुटली तर तेल पिचकारीने न जाता धारेने जातं, गाडी थांबवायला वेळ मिळतो.

तांब्याच्या दोन वेढ्या

नळी तुटणं ही मेकॅनिकल गेजची खरी भीती. विजेच्या गेजमध्ये केबिनपर्यंत फक्त वायर येते, इथे नव्वद-शंभर अंशांचं तेल तुमच्या गुडघ्याशी येतं. नळी नायलॉनची घ्यावी की तांब्याची? नायलॉन वाकतं छान, पण एक्झॉस्टच्या जवळून गेलं तर वितळतं. तांबं वितळत नाही, पण थरथरीने कडक होत जातं आणि एक दिवस फिटिंगच्या तोंडाशी चिरतं. तांबट भांडं ठोकताना ते पुन्हा पुन्हा भट्टीत का घालतो, त्याचं हेच कारण. ठोके खाऊन तांबं हट्टी होतं, तापवलं की पुन्हा ऐकतं.

आम्ही तांबं घेतलं. मेस्त्रींनी नळी तापवून लाल केली, पाण्यात बुडवली. मग बॉनेटखाली एका जाड पान्याच्या दांड्याभोवती तिच्या दोन वेढ्या घातल्या. इंजिन रबरावर बसलेलं असतं, रेस दिली की कलतं. गाडीचा पत्रा मात्र जागचा हलत नाही. हलणारं आणि न हलणारं यांच्यामध्ये नळीला थोडी ढील हवी, ती या वेढ्यांनी मिळते. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडलं. कडा कानशीने घासून त्यात रबरी ग्रोमेट बसवलं, नाहीतर तोच पत्रा वर्षभरात नळी कापतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधीच काढून ठेवली होती. पाना निसटून जिथे लागू नये तिथे लागतो, असा मेस्त्रींचा अनुभव.

टीवर टेफ्लॉन टेप गुंडाळायला मी रीळ पुढे केलं, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढूनच घेतलं. टेपची एक चिंधी सुटून तेलाच्या वाटेत गेली तर बारीक भोक बुजतं. शिवाय लाल दिव्याच्या बटणाला अर्थिंग मिळतं ते आट्यातूनच. टेपने आटा झाकला तर दिवा लागायचाच बंद होऊ शकतो. तांब्याचा नवा वायसर घातला, बस्स.

इंजिनकडचं टोक त्यांनी आवळलं. गेजकडचं मी म्हटलं मी करते.

पहिली धार

स्टार्टर मारला. लाल दिवा विझला आणि अर्ध्या क्षणाने काटा झोपेतून उठल्यासारखा उचलला गेला. एक, दोन, तीन, चार किलो. मी ओरडणार तोच पायाला काहीतरी कोमट लागलं. चपलेवर तेल. मी नळीचं टोक तिरकं कापलं होतं, त्यामुळे पितळी फेरूल एका बाजूनेच बसलं होतं. इंजिन थंड होतं म्हणून नुसती चप्पल गेली.

मेस्त्रींनी काहीही न बोलता बारीक दातांची करवत हातात दिली. टोक काटकोनात कापलं, आतली खरबरीत कड काढली, नवं फेरूल. या वेळी त्यांनी नट अर्धवट ठेवून इंजिन क्षणभर फिरवलं, हवेचे बुडबुडे निघून तेल डोकावल्यावर आवळला. नळीत हवा राहिली तरी काटा शेवटी तोच आकडा दाखवतो, फक्त जरा आळसावून. पण त्यांना ते पसंत नाही.

निघताना म्हणाले, "ताई, आठ दिवस खाली पेपर टाका. आन एक सांगतो, काटा बसला की मालकाची झोप जाती."

झोप गेली पन्हाळ्याला. रविवारी शिवाजी पूल ओलांडून निघाले. केर्लीपर्यंत काटा साडेतीनवर, वाघबीळच्या चढाला रेस दिली तरी तीनच्या खाली नाही. वर नाक्यावर गाड्यांची रांग होती. इंजिन तापलेलं, आयडलवर. काटा उतरत उतरत एकाच्याही खाली आला आणि तिथे थरथरत राहिला. इतकी वर्षं हे असंच होत असणार, मला दिसत नव्हतं एवढंच. तरी घाम फुटला. फोन लावला.

"दिवा लागलाय?"

"नाही."

"रेस दिल्यावर काटा उठतो?"

"उठतो."

"मग झुणका-भाकर खावा आन या खाली."

हजार फेऱ्यांना दहा पौंड असा जुन्या लोकांचा ढोबळ हिशेब आहे. त्यात माझी गाडी बसत होती. पण एका दिवसाच्या आकड्याने काहीच कळत नाही. आता मी वही ठेवली आहे : त्याच नाक्यावर, तापलेल्या इंजिनला, आयडलवर किती. पुढच्या वर्षी त्याच जागी काटा पाव किलो खाली असेल, तर बेअरिंगची तयारी करायची.

बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. आजऱ्यापासून त्यांनी एक नेम धरलाय, सकाळी चहाच्या आधी बॉनेट उघडून तेलाची पट्टी काढायची, जुन्या बनियनच्या फडक्याने पुसायची, पुन्हा घालून बघायची. मी काट्याचं कौतुक सांगत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "तेल किती उरलंय ते दाखवतो का?" नाही दाखवत. आंबोलीच्या घाटात सरळ रस्त्यावर हाही गेज सगळं ठीक आहे म्हणाला असता, पंपाने हवा ओढेपर्यंत. "मग पट्टी माझ्याकडेच राहू दे," असं म्हणून ते फडकं वाळत घालायला गेले.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. गाडीखालच्या 'पुढारी'च्या पानावर, टीच्या बरोबर खाली, वाटाण्याएवढा डाग होता. आदल्या दिवशी नव्हता. मेस्त्रींना विचारून मी नट पाव फेरा आवळला. बाबांनी खिशातून पेन्सिल काढली, वाकून डागाभोवती गोल केला आणि शेजारी तारीख लिहिली. पान तेच ठेवलंय. आज बाविसावा दिवस, गोलाच्या बाहेर काही नाही.